बाळाची टाळू आणि मेंदूचा दाब

आंघोळीनंतर आजी बाळाची टाळू तेलाने भरते तेव्हा बोटाखाली काहीतरी उडते. तुम्ही घाबरून विचारता, "डॉक्टर, हे काय?" तिथे कवटीची हाडे अजून जुळलेली नसतात, म्हणून आतले ठोके हाताला लागतात. हे नॉर्मल आहे. सुमारे ३६०० वर्षांपूर्वीच्या इजिप्तमधील एडविन स्मिथ पपायरसमध्येही याचा उल्लेख आहे: कवटी फुटलेल्या माणसाच्या जखमेतली धडधड तिथल्या वैद्याला बाळाच्या टाळूसारखी वाटली होती.

मोठ्या माणसाची कवटी म्हणजे बंद डबा, असे १७८३ मध्ये एडिनबराच्या अलेक्झांडर मन्रो यांनी मांडले. आत पाणी किंवा सूज वाढली की दाब चढतो. बाळाची कवटी मात्र थोडी ताणली जाते. त्यामुळे आत पाणी साठत असूनही बाळ सुरुवातीला बरे दिसू शकते. खरी भीती हीच.

मग दाब मोजायचा कसा? १८९१ मध्ये जर्मनीत हाइनरिख क्विंके यांनी कमरेत सुई घालून तो मोजला. १९६० मध्ये स्वीडनच्या निल्स लुंडबर्ग यांनी मेंदूच्या पोकळीत नळी ठेवून सलग नोंदी प्रसिद्ध केल्या. पण दीड किलोच्या बाळाला हे रोज कसे करणार? रक्तस्रावाची भीती, जंतुसंसर्गाची भीती.

शेवटी टाळूच कामी आली. १९७७ मध्ये अमेरिकेत विद्यासागर आणि राजू या भारतीय वंशाच्या डॉक्टरांनी टाळूवरून, काहीही न टोचता, दाब मोजण्याची सोपी पद्धत प्रसिद्ध केली. अशा उपकरणांमागचे तत्त्व साधे: टाळू सपाट होईल इतकाच बाहेरून दाब द्यायचा, तो आतल्या दाबाइतका धरायचा. काचबिंदूसाठी डोळ्याचा दाब साधारण असाच मोजतात. कल्पना सुरेख, पण सेन्सर जरा जास्त दाबला गेला किंवा बाळ रडले की आकडा बदलायचा. रोजच्या वापरात हे रुळले नाही.

त्याच सुमारास टाळूतून सोनोग्राफी सुरू झाली. ती दाबाचा आकडा देत नाही, पण पोकळ्या फुगल्यात का, रक्तस्राव झालाय का, हे बाळाला न हलवता दिसते. माझ्या मते कमी दिवसांच्या बाळांसाठी यापेक्षा मोठी सोय नाही.

आणि साधी मोजपट्टी! पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर जन्मताना साधारण ३३ ते ३५ सेंमी असतो आणि पहिले तीन महिने दरमहा सुमारे २ सेंमी वाढतो. लसीच्या कार्डावर तो लिहून घेत चला. टाळू पाहायची ती बाळ शांत आणि उभे धरलेले असताना. रडताना ती फुगतेच. शांत बाळाची टाळू ताणलेली, फुगीर लागली आणि सोबत ताप, उलट्या, सुस्ती किंवा झटके असतील, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात न्या.