घरातले जुने फोटो मोबाईलने डिजिटल कसे करायचे? फ्रेममधले आणि निगेटिव्हसुद्धा!

फोटोग्राफीचा छंद म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर महागडा कॅमेरा येतो. पण घरबसल्या, जवळच्या मोबाईलवर करता येईल असं फोटोग्राफीचं एक काम बहुतेक घरांत पडून आहे. ते म्हणजे कपाटातल्या जुन्या फोटोंची डिजिटल प्रत करणं. ते कसं करायचं हे आज पाहू. पण त्याआधी माझी एक चूक सांगतो.

गेल्या पावसाळ्यात गावच्या घराच्या भिंतीला ओल आली, म्हणून आजोबांच्या फोटोची फ्रेम खाली उतरवली. फोटो काचेला चिकटला होता. मी कोपरा धरून हळूच ओढला. कागद हातात आला आणि आजोबांचा अर्धा चेहरा काचेवरच राहिला. आमच्याकडे त्यांचा तेवढा एकच फोटो होता. शेजारची आजीची फ्रेमही तशीच चिकटलेली होती. आत्या एवढंच म्हणाली, "आता तिला तरी हात लावू नकोस."

असं का होतं? जुन्या फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो आणि चित्र त्या थरातच असतं. दमट हवेत जिलेटिन फुगतं, मऊ होतं आणि काचेला धरून बसतं. ओढलं की कागद सुटतो, चित्र सुटत नाही. म्हणून पहिला नियम लक्षात ठेवा: आधी जसा आहे तसा फोटो काढा, मग साफसफाई. काचेला चिकटलेला फोटो तर काचेतूनच काढायचा.

काय काय लागेल?

- मोबाईल (१२ मेगापिक्सेलचा कॅमेरा पुरेसा आहे)
- सारख्या उंचीचे दोन स्टीलचे डबे किंवा पुस्तकांचे दोन गठ्ठे
- दोन लाकडी पट्ट्या
- काळा कार्डशीट
- मऊ, कोरडा ब्रश

स्टँड असा बनवा

खिडकीजवळच्या टेबलावर दोन डबे ठेवा. त्यांच्यावर दोन पट्ट्या आडव्या टाका, मध्ये थोडी फट ठेवा. मोबाईल पट्ट्यांवर असा ठेवायचा की कॅमेरा फटीतून सरळ खाली बघेल. फोटो खाली टेबलावर सपाट ठेवा.

उंची साधारण २० सेंटीमीटर ठेवा. माझ्या फोनवर या उंचीवरून ६ × ४ इंची फोटोच्या लांब बाजूला सुमारे २,००० पिक्सेल मिळतात. त्याच आकाराची चांगली प्रिंट काढायला ३०० डीपीआयने १,८०० × १,२०० पिक्सेल लागतात, म्हणजे आपलं काम झालं. फोटो लहान असेल तर फोन खाली आणा, पण त्याची सावली पडणार नाही एवढं बघा.

उजेड आणि सेटिंग

१. फ्लॅश बंद. चकचकीत कागदावर तो पांढरा डाग पाडतो.
२. डोक्यावरची ट्यूब बंद करा. खिडकीतून बाजूने येणारा उजेड घ्या, थेट ऊन नको.
३. फोटोवर बोट थोडा वेळ दाबून धरा. बऱ्याच फोनमध्ये त्याने फोकस आणि उजेड लॉक होतो.
४. ३ सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बटण दाबताना फोन हलणार नाही.
५. ब्युटी मोड आणि फिल्टर बंद ठेवा.

काचेतला फोटो

काचेत फोनचं आणि छताचं प्रतिबिंब दिसतं. त्यावर सोपा उपाय आहे. काळ्या कार्डशीटला लेन्सएवढं भोक पाडा आणि तो फोनच्या खाली धरा. आता काचेला वर फक्त काळं दिसतं, त्यामुळे प्रतिबिंब जवळपास नाहीसं होतं. काच आधी कोरड्या कपड्याने पुसा. पाणी किंवा स्प्रे नको, तो कडेने आत जातो. आजीचा फोटो मी असाच काढला, फ्रेम न उघडता. तिच्या नथीतले मोतीसुद्धा मोजता येतात!

निगेटिव्हचं काय?

निगेटिव्हची पट्टी सापडली तर फेकू नका. ३५ मिलिमीटर फिल्मची एक चौकट फक्त ३६ × २४ मिलिमीटरची असते, पण प्रिंट हरवली तरी चित्र तिच्यात शाबूत असू शकतं.

टॅबवर किंवा दुसऱ्या मोबाईलवर कोरी पांढरी स्क्रीन लावून ब्राइटनेस पूर्ण करा. निगेटिव्ह थेट स्क्रीनवर ठेवू नका, नाहीतर स्क्रीनचे ठिपके फोटोत येतात. मध्ये दोन-तीन सेंटीमीटर अंतर ठेवून दुधी ॲक्रिलिकचा तुकडा ठेवा आणि त्यावर पट्टी ठेवा. चकचकीत बाजू कॅमेऱ्याकडे हवी, म्हणजे डावं-उजवं उलटं होत नाही. पट्टी फक्त कडेला धरा. चौकट फारच लहान असल्यामुळे इथे फोनचा मॅक्रो मोड किंवा क्लिप-ऑन मॅक्रो लेन्स कामी येते.

मग 'गिंप' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 'इन्व्हर्ट' केलं की काळ्याचं पांढरं होतं. रंगीत निगेटिव्ह नारिंगी दिसते. तो दोष नाही, ती तशीच बनवलेली असते. उलटल्यावर फोटो निळसर दिसतो, म्हणून रंग नीट करावे लागतात.

या चुका टाळा

- चेहरा 'सुधारणारी' एआय ॲप्स जपून वापरा. पुसट चेहऱ्यात नसलेले तपशील ॲप स्वतःच्या अंदाजाने भरतं. मी आजोबांचा फाटका फोटो एका ॲपमध्ये टाकला. चेहरा सुंदर आला, पण तो आजोबांचा नव्हता. प्रयोग करायचाच तर प्रतीवर करा, मूळ फाईल तशीच ठेवा.
- व्हॉट्सॲपवर 'फोटो' म्हणून पाठवू नका. त्यात फाईल आकसते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.
- एकाच फोनमध्ये ठेवू नका. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. क्लाउड किंवा भावाकडची हार्डडिस्क चालेल.

नाव लिहिलं नाही तर काम अर्धवट

फाईलच्या नावात आधी वर्ष, मग गाव, मग माणसं लिहा: '१९७८-कराड-आत्याचं लग्न'. वर्ष पुढे असलं की फाईली आपोआप क्रमाने लागतात. नक्की वर्ष माहीत नसेल तर दशक लिहा. आणि हे काम एकट्याने करू नका. घरातल्या मोठ्या माणसाला शेजारी बसवा, फोटो स्क्रीनवर मोठा करून दाखवा आणि ते बोलतात ते दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करा.

हे का सांगतोय? आत्याच्या लग्नाच्या निगेटिव्ह बिस्किटाच्या डब्यात सापडल्या. त्यांच्या प्रिंट कधीच हरवल्या होत्या. एक चौकट उलटवून स्क्रीनवर मोठी केली. वऱ्हाडी मंडळी जेवायला बसली होती. मला सगळे अनोळखी. आत्याने चष्मा लावला आणि मागे पाण्याची कळशी घेऊन उभ्या असलेल्या माणसावर बोट ठेवलं. "अरे, हे दादा की माझे!"

आजोबा होते ते. चेहरा लहान आहे, थोडा अस्पष्टही आहे, पण पूर्ण आहे. आत्या शेजारी नसती तर मी ती चौकट सोडून पुढे गेलो असतो.

तेव्हा या रविवारी दोन डबे, दोन पट्ट्या घ्या आणि घरातल्या सर्वात जुन्या फोटोपासून सुरुवात करा. आणि हो, चिकटलेला असेल तर ओढू नका!