काळ्या दगडाखालचा दगड

माझा जन्म भूकंपानंतरचा. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट मला फक्त मोठ्यांच्या बोलण्यातून माहीत आहे. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक गाढ झोपेत. ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूरकडचं किल्लारी आणि आमच्या धाराशिवकडचं, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादचं सास्तूर, दोन्ही ढिगारा झाली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची माळवदं झोपलेल्यांवर कोसळली. ८ ते १० हजार माणसं गेली.

देशाच्या भूकंप-नकाशावर तेव्हा हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. दख्खनचा खडक जुना, म्हणून न हलणारा, असाच समज होता.

भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीत ६१७ मीटर खोल बोअर घेतलं. वरचे ३३८ मीटर आपल्या ओळखीचा काळा बेसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. मग थोडा गाळाचा थर. आणि त्याखाली अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासचा मूळ खडक.

हा खडक मला सर्व्हरच्या लॉगसारखा वाटतो. त्याची पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली धरली की आधी काय घडलं आणि नंतर काय, हे खनिजांच्या मांडणीवरून वाचता येतं. ग्रॅन्युलाइट जातीचा खडक घडायला साधारण ७०० अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त उष्णता लागते. इतक्या तापलेल्या, कोरड्या खडकात पायरॉक्सिन तयार होतं. पुढे खडक निवतो, फटींतून पाणी शिरतं आणि पायरॉक्सिनच्या कडांचं हॉर्नब्लेंड होऊ लागतं. पोटात जुनी नोंद, कडेला नवी. किल्लारीच्या खडकात तापण्याच्या आणि निवण्याच्या, दोन्ही टप्प्यांच्या खुणा सापडल्या.

अशी भट्टी जमिनीखाली कित्येक किलोमीटरवर असते. तिथला दगड साडेतीनशे मीटरवर सापडतो, याचा अर्थ लाव्हा येण्याआधीच ही जमीन उचलली गेली होती आणि वरचे थर झिजून गेले होते. १९९३चा धक्का का बसला, हे या खुणा सांगत नाहीत. पण जुनं म्हणजे शांत, हा समज त्या मोडतात. २००२मध्ये नकाशातला तो सर्वांत कमी धोक्याचा पट्टाच रद्द झाला.

गावात घर बांधताना आजही कुणी म्हणतं, "आता कुठं येतोय भूकंप?" तेव्हा मी या खालच्या दगडाची गोष्ट सांगतो. मग कॉलममध्ये सळई किती घालायची, यावर बोलणं सुरू होतं.