पुस्तकात मालकी कशाची?

जुन्या मराठी पुस्तकाचे पहिले पान उलटले की बहुधा एक ओळ दृष्टीस पडते. सन १८६७ च्या २५ व्या आक्टाप्रमाणे पुस्तक नोंदविले असून सर्व हक्क ग्रंथकर्त्याने आपल्या स्वाधीन ठेविले आहेत, असा तिचा मतलब असतो. ही ओळ वाचून वाचक पुढे जातो. पण स्वाधीन ठेविले म्हणजे नेमके काय ठेविले, हा प्रश्न क्वचितच कोणास पडतो. पुस्तकातील कल्पना? शब्द? की ते सिद्ध करण्यास पडलेली मेहनत? शंभर वर्षांपूर्वी एका शालेय पुस्तकावरून मुंबईत जे भांडण झाले, त्यात हा प्रश्न थेट लंडनपर्यंत पोहोचला.

वरील ओळीतील आक्ट छापखाने व पुस्तकांची नोंद यांविषयीचा. मालकी देणारा कायदा निराळा. तो सन १८४७ चा विसावा. त्याअन्वये ग्रंथकर्त्याचा हक्क त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर सात वर्षे, अथवा प्रसिद्धीपासून बेचाळीस वर्षे, यांपैकी जी मुदत मोठी असेल तितका चाले. पुढे १९१४ च्या कायद्याने १९११ चा विलायती कायदा काही फेरफारांसह येथे लागू झाला. त्यांतील एक फेरफार मराठी वाचकाने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात प्रथम प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या भाषांतराचा हक्क मालकाकडे दहाच वर्षे राही. तेवढ्या अवधीत एखाद्या भाषेत त्याने स्वतः भाषांतर प्रसिद्ध केले नाही, तर त्या भाषेचे दार सर्वांस मोकळे होई. बंगाली कादंबरी मराठीत आणणाऱ्यास ही सवलत लहान नव्हती.

आता तो खटला. प्लूटार्क या ग्रीक चरित्रकाराने लिहिलेली थोर पुरुषांची चरित्रे सर टॉमस नॉर्थ याने १५७९ मध्ये इंग्रजीत आणली. शेक्सपिअरने आपल्या रोमन नाटकांची सामग्री याच भाषांतरातून घेतली. इतक्या जुन्या ग्रंथावर विसाव्या शतकात कोणाचाच हक्क उरला नव्हता. मॅकमिलन कंपनीने १९१८ मध्ये त्यातील शिकंदराचे चरित्र शाळांसाठी काढिले. सुमारे चाळीस हजार शब्दांतून वीस हजार निवडले, तुटलेले सांधे जोडण्यास अधूनमधून चार शब्द घातले, आणि प्रस्तावना व टीपा जोडल्या. थोड्याच काळाने मुंबईतील के. अँड जे. कूपर या शालेय पुस्तकांच्या प्रकाशकांनी तेच चरित्र छापिले. उतारे बव्हंशी तेच, आणि टीपांतही विलक्षण साम्य! मॅकमिलनने दावा लाविला. मुंबईच्या हायकोर्टात त्यांस यश आले नाही, तेव्हा प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले.

१४ डिसेंबर १९२३ रोजी लॉर्ड अॅटकिन्सन यांनी निकाल वाचला, त्यात पुस्तकाची जणू शस्त्रक्रियाच झाली आहे. चरित्राचा मजकूर एका बाजूस, टीपा दुसऱ्या बाजूस. मजकुराविषयी न्यायमूर्तींचे म्हणणे असे की, दुसऱ्याच्या ग्रंथाचे काही भाग गाळून उरलेले एकापुढे एक ठेवणे म्हणजे संक्षेप नव्हे. खरा संक्षेप करणारा मूळ ग्रंथाचा आशय पचवितो व तो थोडक्यात पुन्हा मांडतो. त्यास बुद्धी लागते, विवेक लागतो. येथे लागली ती मुख्यतः कात्री. सबब मजकुरावर मॅकमिलनची मालकी नाही. टीपांचे तसे नव्हते. कोठे विद्यार्थी अडेल हे ओळखून त्यास नेमकी माहिती पुरविण्यात विद्वत्ता व श्रम दोन्ही खर्ची पडले होते. त्या टीपा कूपर यांनी उचलल्या होत्या, आणि तेवढ्यापुरता मॅकमिलनचा जय झाला.

१९१६ च्या एका लंडनच्या निकालाचा आधार यात घेण्यात आला होता. तो खटला परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांचा. गणिताचे सिद्धान्त परीक्षकाच्या घरचे नव्हेत, मग प्रश्नपत्रिकेवर त्याची मालकी कशी, अशी शंका होती. न्यायाधीशांनी सांगितले की कायद्याला नवा विचार नको असतो. शब्दयोजना दुसऱ्याची नक्कल नसून लेखकाची स्वतःची असली म्हणजे पुरे. यावरून हेही निघते की, दोघा टीपकारांनी परस्परांस न पाहता सारखीच टीप लिहिली तर दोघेही निर्दोष. मग चोरी ओळखावी कशी? पहिल्या पुस्तकातील चुका दुसऱ्यात जशाच्या तशा उतरल्या असल्या, की न्यायालयास तो मोठा पुरावा वाटतो. नक्कल करावयासही अक्कल लागते, हे आपल्याकडे कोर्टाबाहेरही ठाऊक आहे!

मालकीचे इतर प्रकार येथे ओझरतेच सांगावयाचे. पुस्तकावरील प्रकाशकाचे बोधचिन्ह हा व्यापारी चिन्हाचा विषय; त्याचा पहिला स्वतंत्र कायदा येथे १९४० साली झाला, आणि चिन्हाची नोंद मुदत संपताच वेळोवेळी नवी करता येते. छपाईच्या नव्या यंत्राला पेटंट. तो कायदा १८५६ चा, म्हणजे त्याहून पुष्कळ जुना. हल्ली पेटंट अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे चालते. ग्रंथाचा हक्क १९५७ च्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे ठरला होता. १९९२ मध्ये तो साठ झाला. लेखकाने हक्क मिळविण्यासाठी नोंदणी केलीच पाहिजे असे नाही.

कूपर खटल्याची कसोटी स्वतंत्र भारतातही दीर्घकाळ चालली. १२ डिसेंबर २००७ रोजी मोडक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती अधिक कडक केली. न्यायालयांचे निकाल कोणीही छापावेत. केवळ श्रम व पैसा ओतल्याने त्यांवर मालकी येत नाही, थोडी तरी स्वतःची निर्मिती हवी, असे ठरले. संपादकाने स्वबुद्धीने लिहिलेले सारांश मात्र त्याचेच राहिले.

ज्या भाईंदरची ख्याती एके काळी मिठागरांमुळे होती, त्या मीरा-भाईंदरच्या दाट वस्तीत आज जून महिना उजाडला की पालक पाठ्यपुस्तकाबरोबर गाईडही मागतात. गाईड छापणारा पाठ्यपुस्तकाचा चोर ठरतो काय? अकरावीच्या गणिताच्या एका पुस्तकावरून दिल्ली हायकोर्टापुढे २००८ मध्ये हाच प्रश्न आला. प्रश्न तेच असले तरी गाईडात ते पायरीपायरीने सोडवून दाखविले होते. मूळ पुस्तकात तसे नव्हते. म्हणून न्यायालयाने मनाई हुकूम नाकारला. १९२३ च्या टीपांचे वारस शोधावयाचे तर ते या पायऱ्यांत सापडतील. पुढे दिल्लीतच परदेशी प्रकाशकांनी विद्यापीठातील एका छायाप्रतीच्या दुकानावर दावा चालविला. नेमलेल्या वाचनातील प्रकरणे एकत्र बांधून तेथे विद्यार्थ्यांस दिली जात. शिक्षणाच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने प्रती काढण्याची मुभा कायद्यातच आहे, असे हायकोर्टाने १६ सप्टेंबर २०१६ रोजी सांगितले. डिसेंबरात अपिलाच्या न्यायपीठानेही ही मुभा उचलून धरली. मात्र त्या प्रती शिक्षणासाठी खरोखर आवश्यक होत्या काय, हे पुराव्यावरून तपासण्यासाठी दावा परत पाठविला. ती तपासणी झालीच नाही. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा काढून घेतला.