दाराबाहेरचा बाप

आपल्या आज्या घरीच बाळंत झाल्या. पहिलं बाळंतपण माहेरी. खोलीत सुईण आणि जाणत्या बाया. बाप आपल्या गावी, निरोपाची वाट बघत. बाळाचं तोंड तो बहुधा बारशालाच बघायचा. पण बाई अडली, तर गाडी जुंपायची का, पैसे कुठून आणायचे, हे पुरुषच ठरवायचे. त्यात वेळ जायचा, कधी जीवही.

२००५ साली जननी सुरक्षा योजना आली. पुढे गावोगावी आशाताई आल्या, बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली. बाप गाडी बोलावू लागला, रक्ताची सोय बघू लागला; पण थांबला दाराबाहेरच. २०१६ साली केंद्र सरकारने सरकारी दवाखान्यात बाळंतिणीजवळ सोबतीण ठेवायला मान्यता दिली. आडोसा नीट असेल तिथे नवऱ्यालाही आत घेता येतं.

आमच्या गटात यावर वाद झाला. एक काकू म्हणाल्या, "लाज वाटेल गं." एक सून म्हणाली, "माझ्या कळा त्यांनी बघितल्या असत्या, तर वर्षातच पुन्हा पाळणा हलला नसता." सगळ्या गप्प झाल्या.

म्हणून आम्ही सांगतो, सोबत कोण हवं ते बाळंतिणीलाच विचारा. आणि दवाखान्यात तशी सोय आहे का, हे सातव्या महिन्यातच आशाताईंकडून माहीत करून घ्या.