दृष्टिपटलाचे छिद्र

दृष्टिपटल हा डोळ्याच्या मागच्या भिंतीला आतून लागून असलेला, अर्ध्या मिलिमीटरहून पातळ असा पडदा. ओल धरलेल्या भिंतीचा पोपडा सुटावा तसा तो कधी कधी जागा सोडतो. सुटलेल्या भागातील प्रकाशग्राही पेशींना मागच्या रंजितपटलाकडून मिळणारे पोषण थांबते आणि रोग्याला एका बाजूने काळा पडदा ओढल्यासारखे दिसू लागते. रोगी आणि डॉक्टर दोघेही याला ‘पडदा सरकला’ असे म्हणतात. विसाव्या शतकाची पहिली दोन दशके उलटेपर्यंत पडदा सरकलेला डोळा गेला असेच धरले जाई.

एवढा उशीर लागण्याचे मुख्य कारण म्हणजे हा पडदा कोणाला दिसतच नव्हता. मोतीबिंदू बाहुलीत समोर दिसतो, म्हणून त्यावरचा उपचार प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत शलाकेने मोतीबिंदू बाजूला सारण्याचा विधी तपशिलाने दिला आहे. बाहुलीच्या पलीकडे मात्र सगळा अंधार होता. १८५१ मध्ये क्योनिग्सबर्गचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ हेर्मान फोन हेल्महोल्ट्झ यांनी नेत्रदर्शकाचे वर्णन प्रसिद्ध केले. पुठ्ठा, सरस आणि सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या जोडून केलेले हे उपकरण त्यांच्या वर्गातील एका प्रश्नातून निघाले: डोळ्यात शिरलेला प्रकाश बाहेर परततो, तर बाहुली काळी का दिसते? जिवंत माणसाचे दृष्टिपटल त्यामुळे प्रथमच पाहता आले. दोनच वर्षांत जर्मन नेत्रवैद्य कोक्सियुस यांनी सुटलेल्या दृष्टिपटलाला पडलेली फाट पाहून नोंदवली.

फाट दिसली खरी, पण तिचा अर्थ लागला नाही. त्या काळातील सर्वांत मोठे नेत्रवैद्य, बर्लिनचे आल्ब्रेख्त फोन ग्रेफे, यांचे मत असे होते की रंजितपटलातून द्रव पाझरतो आणि तो दृष्टिपटलाला पुढे ढकलतो. या हिशेबाने फाट हा आजाराचा परिणाम ठरत होता. म्हणून इलाजही द्रव कमी करण्याचे होत. रोग्याला दोन्ही डोळे बांधून आठवडेच्या आठवडे उताणे निजवत, घाम आणणारी औषधे देत, पारा देत, मीठ वर्ज्य करत. कोणी सुईने भोक पाडून साचलेला द्रव काढून टाकी. तो पुन्हा भरे. १९१२ मध्ये अमेरिकी नेत्रवैद्य डेरिक व्हेल यांनी देशभरच्या सहव्यवसायींना पत्रे पाठवून त्यांचे अनुभव विचारले. आलेल्या उत्तरांचा हिशेब निराशाजनक निघाला: हजारात सुमारे एक रोगी बरा होई.

हे चित्र पालटले ते स्वित्झर्लंडच्या लोझान शहरातील झ्यूल गोनँ (१८७०–१९३५) यांनी. निकामी म्हणून काढून टाकलेल्या डोळ्यांचे काप त्यांनी वर्षानुवर्षे तपासले होते. त्यांचा निष्कर्ष असा: डोळ्याच्या पोकळीत भरलेला जेलीसारखा काचाभ द्रव वयाबरोबर आकसतो आणि जिथे तो दृष्टिपटलाला चिकटलेला असेल तिथे त्याला ओढतो. त्या ओढीने पडदा फाटतो, फाटीतून पातळ झालेला द्रव मागे शिरतो आणि पडदा सुटत जातो. फाट हे कारण. बाकी सगळे परिणाम. तेव्हा फाट शोधायची आणि बुजवायची. ओढ आणि फाट यांचा संबंध थिओडोर लेबर या जर्मन संशोधकानेही आधी दाखवला होता, पण त्यातून पुढे शस्त्रक्रिया निघते हे पाहिले ते गोनँनी.

पहिल्या महायुद्धानंतर लगेचच त्यांनी या शस्त्रक्रिया सुरू केल्या. पाकलँची डागणी, म्हणजे बेंझिनच्या वाफेवर तापणारे प्लॅटिनमचे टोक, हे त्यांचे हत्यार. खरे कौशल्य मात्र डागण्याआधी लागे. नेत्रदर्शकातून तासन्‌तास पाहून ते दृष्टिपटलाचा नकाशा काढत, फाट घड्याळाच्या कोणत्या तासावर आहे आणि कडेपासून किती आत आहे हे ठरवत आणि तेच अंतर डोळ्याच्या बाहेरच्या पांढऱ्या श्वेतपटलावर मोजून खूण करत. नेमक्या त्या जागी छेद घेऊन तापलेले टोक दोन-तीन सेकंद आत घालायचे. साचलेला द्रव निघून जाई आणि डागलेल्या जागी व्रण धरून फाट बुजे. फाट सापडली नाही किंवा नेम चुकला तर सगळा खटाटोप वाया.

१९२१ मध्ये फ्रेंच नेत्रवैद्यांच्या सभेत त्यांनी हे मांडले तेव्हा स्वागत थंडच झाले. नावाजलेले लोक फाटीला परिणामच मानत राहिले. विश्वास बसला तो लोझानला जाऊन डोळ्यांनी पाहून आलेल्यांचा: बार्सेलोनाचे आरूगा, उट्रेख्तचे वेव्ह, गोनँचे स्वतःचे शिष्य मार्क आम्स्लर. १९२९ च्या ॲमस्टरडॅम येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत अखेर वाद मिटला. पुढे पाचच वर्षांत डागणी मागे पडून विजेच्या उष्णतेने जागा शेकण्याची पद्धत आली, म्हणजे गोनँचे तंत्र फार टिकले नाही. तर्क टिकला, आणि मोठेपण तर्काचेच आहे. आजची प्रत्येक पद्धत फाट शोधून बुजवण्याचेच काम करते. आम्स्लर यांचे नाव तर आज अनेक घरांत आहे. दृष्टिपटलाच्या मध्यभागाचा आजार असलेले रोगी रोज एका डोळ्याने जी चौकटींची जाळी पाहतात, ती त्यांची.

यानंतरची अडचण पुन्हा पाहण्याचीच होती. बहुतेक फाटी दृष्टिपटलाच्या अगदी कडेला असतात आणि एका डोळ्याने पाहायच्या नेत्रदर्शकात ती कड धड दिसत नाही. ही अडचण चार्ल्स स्केपेन्स या बेल्जियन डॉक्टरने सोडवली. त्यांचे चरित्र एखाद्या कादंबरीत शोभेल असे आहे. दुसऱ्या महायुद्धात ते ‘झाक पेरो’ या खोट्या नावाने फ्रान्स-स्पेन सीमेवरच्या मांदीव गावी लाकडाची वखार चालवत आणि तिच्या आडून शंभराहून अधिक लोकांना त्यांनी पिरेनीज पर्वतापलीकडे पोचवले. युद्धानंतर लंडनमध्ये मोडक्यातोडक्या सामानातून त्यांनी डोक्यावर बांधायचा, दोन्ही डोळ्यांनी पाहायचा नेत्रदर्शक तयार केला. त्यातून खोली कळते, हात मोकळे राहतात आणि बाहेरून श्वेतपटल किंचित दाबले की कडही नजरेत येते. १९४७ मध्ये ते बोस्टनला गेले. त्याच सुमारास जर्मनीत कुस्टोडिस यांनी फाटीच्या जागी श्वेतपटलावर बाहेरून कृत्रिम तुकडा शिवून भिंतच आत दाबण्याची पद्धत काढली होती. तिला ‘बकल’ म्हणतात. स्केपेन्स यांनी बकल आणि नवा नेत्रदर्शक यांची सांगड घातली आणि शिष्यांची मोठी परंपरा उभी केली. १९७८ मध्ये चेन्नईत शंकर नेत्रालय स्थापन करणारे डॉ. एस. एस. बद्रीनाथ याच परंपरेतले.

छेद न घेता डागण्याची युक्ती सूर्यग्रहणाने सुचवली. १९४५ च्या जुलैमधील ग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहणाऱ्यांच्या दृष्टिपटलावर भाजल्याचे डाग पडले. ते पाहून गेर्ड मायर-श्विकेराट या तरुण जर्मन डॉक्टरला वाटले की हाच प्रकाश मोजून-मापून वापरला तर फाटीभोवती व्रण धरवता येईल. त्याने आरशांनी सूर्यकिरण खाली आणून रोग्यांवर उपचार केलेही. ढग आले की काम थांबे. पुढे झाइस कंपनीने झेनॉन दिव्याचे यंत्र केले आणि १९६० मध्ये लेसरचा शोध लागल्यावर काही वर्षांतच तो डोळ्यासाठी वापरात आला. त्याचा सर्वांत मोठा लाभ मधुमेहींना झाला. मधुमेहात दृष्टिपटलावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या फुटतात व त्यांतून रक्त सांडते. अशा डोळ्यांवर लेसर केल्यास दृष्टी जाण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे १७०० हून अधिक रोग्यांच्या अमेरिकी अभ्यासाने १९७६ मध्ये सिद्ध केले.

काचाभ द्रवाला हात लावायचा नाही हा नियम तोवर अबाधित होता. तो सांडला तर डोळा गेला, असेच शिकवले जाई. मायामीचे डेव्हिड कॅस्नर यांनी जखमी डोळ्यांतून तो काढून दाखवला आणि डोळा त्याविना राहतो हे सिद्ध केले. त्यांच्याच रुग्णालयातील रोबेर्ट माखेमेर यांनी घरच्या गॅरेजमध्ये अंड्याच्या पांढऱ्यावर सराव करत, कापणे, शोषणे आणि पाणी भरणे ही तिन्ही कामे करणारी एक नळी बनवली. २० एप्रिल १९७० रोजी त्यांनी पाच वर्षे रक्त साचून राहिलेला एका मधुमेही रोग्याचा डोळा तिने साफ केला. या ‘व्हिट्रेक्टमी’साठी तेव्हा २.३ मिलिमीटरचा छेद लागे. आजची हत्यारे सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीची असून बहुधा टाकाही घालावा लागत नाही. पडदा जागेवर बसवल्यावर तो धरून ठेवण्यासाठी डोळ्यात वायू किंवा सिलिकॉन तेल भरतात. वायू भरलेल्या रोग्याला काही दिवस मान खाली घालून राहावे लागते आणि तो विरेपर्यंत विमानप्रवास वर्ज्य असतो, कारण उंचीवर वायू फुगतो.

औषधाने दृष्टिपटल सावरण्याचे युग याहून अलीकडचे. रक्तवाहिन्या फुटायला लावणाऱ्या ‘व्हीईजीएफ’ या प्रथिनाचे जनुक १९८९ मध्ये नापोलिओने फेरारा यांनी वेगळे केले. २००५ मध्ये मायामीचे फिलिप रोझेनफेल्ड यांनी कर्करोगासाठी बनलेले बेव्हासिझुमॅब दृष्टिपटलाच्या मध्यभागाला वार्धक्यात होणाऱ्या आजारासाठी डोळ्यात टोचले. पुढच्याच वर्षी खास डोळ्यासाठीचे रॅनिबिझुमॅब अमेरिकेत मंजूर झाले. दोन्ही जवळजवळ सारखीच गुणकारी आहेत, असा निर्वाळा २०११ मध्ये तेथील सरकारी खर्चाने झालेल्या चाचणीने दिला. किमतीत मात्र तिथे कित्येक पटींचा फरक होता, आणि एवढी मोठी चाचणी करदात्यांच्या पैशाने करावी लागली यामागे हेच कारण होते.

सरकलेला पडदा आज बहुतेकांच्या बाबतीत पहिल्याच शस्त्रक्रियेत जागेवर बसतो. दृष्टी किती परत येईल, हे मात्र मध्यबिंदू सुटला होता की नाही आणि सुटून किती दिवस झाले यावर ठरते. डोळ्यासमोर अचानक वीज चमकल्यासारखे दिसले, काळ्या ठिपक्यांचा लोंढा आला किंवा एका बाजूने सावली सरकू लागली तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडून बाहुली मोठी करून डोळा तपासून घ्यावा.