नाणी तोलणारा गणिती

‘एक ना धड, भाराभर चिंध्या.’ नोकरी सांभाळून चार गोष्टींत रमणाऱ्याला ही म्हण कधी ना कधी ऐकावी लागतेच. पुण्यात राहून गेलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबींना ती सहज लावता आली असती. गणित, संख्याशास्त्र, नाणकशास्त्र, संस्कृत हस्तलिखितं, प्राचीन इतिहास, पुरातत्त्व. यादी वाचूनच दमायला होतं. पण या कामांचा क्रम पाहिला, की एकेक विषय मागच्या विषयातून कसा निघाला ते दिसतं.

कोसंबींचा जन्म १९०७ चा, गोव्यातला. वडील धर्मानंद हे पाली आणि बौद्ध धर्माचे नामवंत अभ्यासक. त्यांच्यासोबत ते लहानपणी अमेरिकेला गेले, १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी घेतली आणि भारतात परतले. बनारस आणि अलिगढनंतर पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले.

या काळात त्यांना संख्याशास्त्र शिकायचं होतं. नुसती पुस्तकं वाचून ते अंगात मुरणार नाही, म्हणून त्यांनी एक खराखुरा प्रश्न हाती घेतला: आहत नाणी. चांदीच्या तुकड्यांवर ठसे मारून केलेली ही आपल्याकडची सर्वांत जुनी नाणी. त्यांच्यावर ना राजाचं नाव, ना साल. मग आधीचं कोणतं आणि नंतरचं कोणतं, हे ठरवायचं कसं?

कोसंबींनी तराजू काढला. नाणं हातोहात फिरताना झिजतं. जितकं जास्त फिरेल तितकं हलकं होतं. एका नाण्यावरून काहीच सांगता येत नाही, पण मोठ्या संख्येने तोलली तर त्यांच्या सरासरीतून झीज वाचता येते. हा तर्क पडताळायला त्यांनी त्यांच्या काळात चलनात असलेली नाणी तोलली, कारण त्यांवर साल छापलेलं असतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले रोज हेच करतो. उत्तर माहीत असलेल्या डेटावर पद्धत आधी चालवून बघायची, मग उत्तर माहीत नसलेल्या डेटाला हात घालायचा.

पण ही नाणी पाडली कोणी? त्याचा माग जुन्या ग्रंथांत, आणि ग्रंथ संस्कृतात. म्हणजे संस्कृत पक्कं करणं आलं. त्यातून भर्तृहरीच्या नावावरच्या सुभाषितांची शेकडो हस्तलिखितं ताडून पाहिली गेली आणि १९४८ मध्ये त्यांची चिकित्सक आवृत्ती निघाली. ग्रंथांत राजे आणि पुरोहित भेटतात, शेतकरी आणि धनगर फारसे भेटत नाहीत. म्हणून मग पुण्याभोवतीच्या टेकड्या, कार्ल्याची लेणी, गावोगावचे शेंदूर फासलेले देव पायी फिरून पाहणं सुरू झालं. भारतीय इतिहासाच्या अभ्यासाला नवं वळण देणारं त्यांचं पुस्तक १९५६ मध्ये आलं, त्यामागे ही सगळी पायपीट होती.

मधल्या काळात त्यांनी जनुकांमधलं अंतर मोजण्याचं एक सूत्र मांडलं. जनुकीय नकाशे बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कोसंबी’ हा पर्याय आजही असतो.

या गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी. कोसंबी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिती म्हणून होते आणि डेक्कन क्वीनने पुणे-मुंबई ये-जा करायचे. त्यांच्या इतिहासलेखनाचं नाव होत असताना गणितातलं वजन कमी होत गेलं. रीमान गृहीतकाची सिद्धता सापडल्याचा त्यांचा दावा १९५९ मध्ये शेतकी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला. गणितज्ञांनी तो मान्य केला नाही. १९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही. १९६६ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी, ते पुण्यात वारले.

म्हणजे अनेक वाटा धरल्या की सगळं छान जुळून येतं, असं काही नाही. एखाद्या क्षेत्रातली माणसं तुम्हाला आपलं मानेनाशी होतात, नोकरीही जाऊ शकते. तरी कोसंबींनी फक्त गणित धरून ठेवलं असतं, तर तो तराजू कधी निघालाच नसता.

तुम्हीही दिवसा कोड लिहून रात्री तबला, मोडी लिपी किंवा गडकोट यांच्या मागे लागत असाल, तर म्हणीला घाबरून एकही सोडू नका. फक्त एक तपासत राहा: पहिल्या आवडीत अडलेला एखादा प्रश्न तुम्हाला दुसरीकडे नेतोय का? नेत असेल, तर निघा. आणि त्याची किंमत मोजावी लागू शकते, हे आधीच धरून चाला.