बागेचा कारभारी: जर्मनीतल्या एका पदाचा मागोवा

जर्मनीत मोठ्या शहराच्या उद्यान खात्याचे प्रमुखपद ज्यांना खुणावते, त्यांच्यापैकी अनेकजण पदव्युत्तर पदवी मिळाल्यावरही आणखी सुमारे दोन वर्षे शासकीय उमेदवारी करतात. या काळात उमेदवाराला एक ठरलेली खुर्ची नसते. काही महिने महापालिकेच्या उद्यान खात्यात, काही निसर्गरक्षणाच्या कार्यालयात, काही नगररचनेत, असा तो फिरत राहतो आणि शेवटी मोठ्या सरकारी परीक्षेला बसतो. झाडे, नियोजन, कायदा, प्रशासन हे विषय तिथे असतातच. त्यांच्या जोडीला आणखी एक विषय असतो: हाताखालच्या माणसांचे नेतृत्व आणि खात्याच्या पैशाचा हिशेब. झाड ओळखता येणे पुरेसे नाही, झाड लावणाऱ्या माणसाला सांभाळताही आले पाहिजे, हे तिथे अभ्यासक्रमातच लिहिलेले आहे.

मला या एका विषयाचे फार अप्रूप वाटते. आपल्या महापालिकांत उद्यान अधीक्षक असतो, 1975 च्या झाडांच्या कायद्याने आलेला वृक्ष अधिकारी असतो. माळी, ठेकेदार, नगरसेवक, सकाळी फिरायला येणारी ज्येष्ठ मंडळी, क्रिकेटसाठी जागा मागणारी मुले, फांदी पडून गाडी चेपलेला नागरिक, सगळे त्याच्याच दारात येतात. या सगळ्यांशी कसे वागायचे हे त्याने शिकायचे कुठे? जर्मनांनाही याचे उत्तर एका दिवसात सापडलेले नाही. त्यासाठी त्यांना दोनशे वर्षे लागली आणि मध्ये एकदा वाट भयंकर चुकली.

सुरुवातीला हे शिक्षण घराण्यात होते. राजाच्या बागेचा मुख्य माळी म्हणजे दरबारी मानकरी, आणि त्याचा मुलगा पुढचा मुख्य माळी. पेटर योसेफ लेने यांचा जन्म 1789 मध्ये बॉनला अशाच घरात झाला. वडील दरबारी माळी, आणि उमेदवारी केली ती एका नातेवाइकाच्या हाताखाली ब्र्यूलच्या बागेत. पुढे ते पॅरिसला जाऊन शिकले, व्हिएन्नाकडच्या बागांत काम केले आणि 1816 मध्ये पोट्सडामला प्रशियाच्या राजाच्या चाकरीत आले. घराण्याने दिलेली विद्या आणि भटकंतीत कमावलेली नजर, दोन्ही त्यांच्यापाशी होत्या. पण प्रशियाला एक लेने पुरणार नव्हता. युद्धांनी देश खंक झाला होता, रस्त्याकडेला फळझाडे लावायची होती, जमीनदारांच्या बागा सुधारायच्या होत्या. एवढे माळी घराण्यांतून येणार कुठून?

म्हणून 1823 मध्ये राजाच्या हुकुमाने माळ्यांची शाळा आणि तिला जोडून सरकारी रोपवाटिका स्थापन झाली. शाळा दुसऱ्या वर्षी सुरू झाली. सुरुवातीचे वर्ग बर्लिनजवळच्या शोनेबेर्गला वनस्पती उद्यानाच्या आधाराने, वरचे वर्ग पोट्सडामला. शिक्षणाच्या पायऱ्या होत्या आणि शेवटच्या पायरीपर्यंत प्रत्येकजण जात नसे. कुणी भाजीपाला आणि फळबागेचा चांगला माळी होऊन बाहेर पडे, तर कुणी रेखाटन, मोजणी, गणित शिकून बागेचा आराखडा काढण्यापर्यंत पोचे. मला यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही, की आराखडा काढणाऱ्यालाही आधी फावडे हातात धरावे लागे. साहेब आणि माळी एकाच वाफ्यावरून पुढे जात. ही सवय जर्मन उद्यान खात्यांत खोल रुजली आणि आजही पुष्कळ विद्यार्थी विद्यापीठात जाण्याआधी तीन वर्षांची माळीकामाची उमेदवारी पुरी करून येतात.

त्याच सुमारास बागेचा मालकही बदलू लागला होता. कील इथले प्राध्यापक हिर्शफेल्ड यांनी 1779 ते 1785 या काळात पाच खंडांत बागकलेचे शास्त्र लिहून शहरातल्या सर्व थरांतल्या माणसांसाठी बाग हवी, असा आग्रह धरला होता. 1789 मध्ये म्युनिकला इंग्लिश गार्डन आखायला घेतले, पण ते राज्यकर्त्याने लोकांना दिलेले दान होते. मागडेबुर्गचे पालिकाप्रमुख फ्रान्के यांनी 1824 मध्ये लेने यांना लोकांसाठी बाग आखायला बोलावले, तेव्हा मात्र मागणारे शहर होते आणि पैसाही शहराचा. राजाला एकट्याला खूश ठेवणे वेगळे, आणि नगरसभेपुढे हिशेब ठेवणे वेगळे.

हा फरक अंगावर घेणारा पहिला माणूस म्हणजे गुस्ताव मायर. लेने यांचाच शिष्य, पुढे त्याच शाळेत शिक्षक. त्यांनी 1860 मध्ये बागकलेचे पाठ्यपुस्तक छापले, आणि त्यावर माळ्यांच्या पिढ्या शिकल्या. 1870 मध्ये बर्लिनने त्यांना शहराचे पहिले उद्यान संचालक नेमले. त्याआधीच फ्रिडरिक्सहाइनची बाग त्यांच्या आराखड्यानुसार उभी राहिली होती. तिचा ठराव 1840 चा, ती खुली झाली 1848 मध्ये, आणि त्याच वर्षीच्या मार्च क्रांतीत पडलेल्यांना तिच्या कडेलाच पुरले गेले. नंतर हुम्बोल्टहाइन आले. तिथे मायर यांनी जगाच्या निरनिराळ्या प्रदेशांतली झाडे मुद्दाम अभ्यासासाठी लावली, म्हणजे कामगार वस्तीतल्या मुलाला त्याच्या गल्लीच्या टोकाशी वनस्पतिशास्त्र भेटावे. ट्रेप्टोव पार्कमध्ये त्यांनी मधोमध खेळण्यासाठी प्रचंड मोकळे मैदान आखले, पण ते पुरे झालेले पाहायला ते उरले नाहीत. 1877 मध्ये त्यांचे निधन झाले. मैदान तर ठेवले, पण त्यावर मुलांना खेळवायचे कुणी, हा प्रश्न माळ्यांच्या शाळेत कुणी विचारला नव्हता.

तो प्रश्न विचारला गेला लाइप्झिगमध्ये, आणि उत्तर दिले एका निवृत्त शिक्षकाने. तिथले वैद्य डॉ. श्रेबर यांच्या निधनानंतर 1864 मध्ये शाळाप्रमुख हाउशिल्ट यांनी पालकांची एक संघटना काढून तिला त्यांचे नाव दिले. पुढच्या वर्षी तिने मुलांसाठी खेळाचे मैदान मिळवले. 1868 मध्ये कार्ल गेझेल या निवृत्त शिक्षकाने त्या मैदानाच्या कडेने छोटे छोटे वाफे पाडले, मुलांनी मातीत हात घालावा म्हणून. मुलांचा उत्साह काही टिकला नाही. वाफ्यांत तण माजले, तेव्हा आईबापच खुरपी घेऊन उतरले. वाफ्यांना कुंपणे पडली, मुलांचे वाफे कुटुंबांचे झाले. आज जर्मनीभर ज्या लहान बागांना लोक श्रेबरबाग म्हणतात, त्यांचे मूळ इथे आहे. डॉ. श्रेबर यांनी स्वतः त्यांतली एकही पाहिली नाही. गेझेल यांच्याकडे मात्र माझे लक्ष पुन्हा पुन्हा जाते. हा माणूस माळी नव्हता, अधिकारी नव्हता. मैदानावर रोज हजर राहून मुलांचे खेळ लावून देणे हेच त्याचे काम. आज ज्याला आपण मनोरंजन अधिकारी म्हणू, त्याचा हा खरा पूर्वज.

गेझेल यांच्यासारखी माणसे नशिबाने मिळतात, खाते नशिबावर चालत नाही. प्रशियाचे शिक्षणमंत्री गॉसलर यांनी 1882 मध्ये शाळांनी मुलांना मोकळ्या हवेत खेळवावे असे परिपत्रक काढले. मग अडले ते शिक्षकांवर, कारण त्यांना कवायत येत होती, खेळ घेता येत नव्हते. 1891 मध्ये गोरलिट्झच्या शेंकेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने लोकांच्या आणि तरुणांच्या खेळांसाठी मध्यवर्ती समिती स्थापन झाली. जर्मनीत फुटबॉल आणणाऱ्यांत ज्यांचे नाव घेतले जाते ते ब्राउनश्वाइगचे शिक्षक कोनराड कोख तिच्यात होते. समितीने ठिकठिकाणी खेळवर्ग भरवले, शिक्षकांसाठी आणि शिक्षिकांसाठीही. मैदानावर नेतृत्व कसे करावे याचे पद्धतशीर शिक्षण जर्मनीत इथून सुरू झाले असे मी मानतो. त्याच दशकात, 1894 मध्ये, एल्विरा कास्टनर यांनी बर्लिनच्या फ्रिडनाउ भागात स्त्रियांसाठी बागकामाची शाळा काढली. त्या स्वतः दंतवैद्य होत्या आणि ते शिक्षण घेण्यासाठी त्यांना अमेरिकेला जावे लागले होते. बंद दार कसे असते हे त्यांना ठाऊक होते.

जर्मन उद्यानविद्येच्या या झाडाची एक फांदी मराठी राज्यकर्त्याच्या दारापर्यंत आली. गुस्ताव हेरमान क्रुम्बिगल हे ड्रेस्डेनजवळच्या लोमेनचे. पिलनिट्झमध्ये बागकाम शिकले, लंडनच्या हाइड पार्कात फुलांचे वाफे आखले, क्यूच्या वनस्पती उद्यानात काम केले आणि 1893 मध्ये बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या पदरी उद्यानांचे प्रमुख म्हणून आले. विश्वामित्रीकाठची सयाजीबाग तेव्हा जेमतेम चौदा वर्षांची होती. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून दत्तक आलेल्या या राजाला चांगली माणसे जगभरातून निवडून आणण्याची दृष्टी होती. पुढे 1908 मध्ये क्रुम्बिगल म्हैसूर संस्थानात गेले आणि बंगळूरच्या लालबागेचा कारभार त्यांच्याकडे आला. तिथे त्यांनी बागकामाचे शिक्षण सुरू केले. 1932 मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा त्यांची जागा घ्यायला जवरय्या नावाचा इथलाच अधिकारी तयार होता. दुसऱ्या महायुद्धात जर्मन म्हणून त्यांना नजरकैद भोगावी लागली, तरी ते भारत सोडून गेले नाहीत. 1956 मध्ये बंगळूरलाच त्यांचा अंत झाला. बंगळूरच्या रस्त्यांवर वर्षभर एकामागून एक झाडे फुलतात त्याचे श्रेय लोक त्यांना देतात. मला त्याहून मोठे वाटते ते हे, की खुर्ची सोडताना त्यांनी ती रिकामी सोडली नाही.

जर्मनीत माळ्यांची शाळा आणि खेळाचे मैदान हे दोन प्रवाह एकाच माणसात भेटले, त्यांचे नाव एर्विन बार्ट. ल्यूबेकचे, जन्म 1880, आणि त्याच माळ्यांच्या शाळेचे विद्यार्थी. आधी ल्यूबेकची उद्याने, 1912 पासून शार्लोटेनबुर्गची, आणि 1926 पासून साऱ्या बर्लिनची. उत्तर बर्लिनमधल्या रेबेर्गेच्या टेकड्या म्हणजे नुसती वाळू. पहिल्या महायुद्धाच्या काळात लोकांनी सरपणासाठी तिथली झाडे तोडून नेली होती, आणि वाऱ्याबरोबर वाळू आसपासच्या वस्त्यांत घुसत होती. बार्ट यांनी तिथे लोकांची बाग आखली: खेळाची कुरणे, मैदाने, हिवाळ्यात घसरगाडीचा उतार, आणि लगतच कुटुंबांच्या छोट्या बागा. मजूर म्हणून आले ते बेकार. ज्याला उद्या काम असेल की नाही ठाऊक नाही, अशा माणसांकडून टेकड्या उचलून घ्यायच्या, तर नुसता हुकूम चालत नाही. 1929 मध्ये ही बाग खुली झाली. त्याच वर्षी बर्लिनच्या कृषी महाविद्यालयात उद्यानरचनेचे जर्मनीतले पहिले प्राध्यापकपद निघाले आणि ते बार्ट यांना मिळाले. शंभर वर्षांनी माळ्यांच्या विद्येला पदवी मिळाली. चार वर्षांनी, 1933 मध्ये, बार्ट यांनी आपले जीवन संपवले. डोळे अधू होत चालले होते आणि देशात नाझींची सत्ता आली होती.

त्यांच्या खुर्चीत 1934 मध्ये हाइनरिख विपकिंग आले. माणूस विद्वान आणि तरबेज. पुढे नाझी नेता हिमलरच्या यंत्रणेत ते भूदृश्याचे विशेष प्रतिनिधी झाले. पोलंडच्या बळकावलेल्या प्रदेशातून माणसे हाकलून तिथे जर्मन वसाहती उभारायच्या होत्या. त्या भूमीवर कुंपणाची झुडपे कुठे, झाडांच्या रांगा कुठे, तळी कुठे, याचे नियम आखण्यात त्यांचा हात होता. माती, पाणी, झाड यांचे ज्ञान तेच, शाळा तीच. ज्यांच्यासाठी बाग करायची ती माणसेच आराखड्यातून पुसली गेली होती. याच काळात गेओर्ग प्निओवर या समाजवादी, अर्ध्या ज्यू कुळातल्या उद्यानरचनाकाराला कामाची बंदी झाली. युद्ध संपल्यावर प्निओवर बर्लिनमध्ये प्राध्यापक झाले, हे ठीक झाले. पण विपकिंगही हानोव्हरला प्राध्यापक झाले आणि त्यांच्या हाताखाली नव्या जर्मनीचे पुष्कळ उद्यान अधिकारी शिकून तयार झाले. या व्यवसायाला आपल्या या इतिहासाकडे डोळे उघडून पाहायला आणखी काही दशके लागली. उद्यान अधिकाऱ्याच्या कुठल्याही अभ्यासक्रमात, आपल्याकडेसुद्धा, हे प्रकरण सक्तीचे असावे असे मला मनापासून वाटते.

युद्धानंतरची वाट तुलनेने सरळ आहे. ढिगाऱ्यांच्या टेकड्यांवर झाडे लागली, 1951 मध्ये हानोव्हरला पहिले राष्ट्रीय उद्यान प्रदर्शन भरले, माळी, मुख्य माळी, तंत्रज्ञ, पदवीधर अशी शिडी कायद्याने बांधली गेली आणि शासकीय उमेदवारीची परीक्षा तिच्या वरच्या टोकाला बसली. शहरांच्या उद्यानप्रमुखांची स्वतःची परिषदही उभी राहिली. तिच्या गटांत एका शहराचा प्रमुख दुसऱ्याकडून शिकतो. कोणत्या रस्त्यावर कोणते झाड तगले, कोणते उन्हाळ्यात करपले, याची परिषदेने केलेली यादी आज देशभर वापरली जाते. तापत चाललेल्या शहरांत ही यादी म्हणजे सहकाऱ्यांनी सहकाऱ्यांसाठी लिहिलेला धडा आहे.

सगळ्यात नवा धडा मात्र लोकांनी दिला. बर्लिनचा टेम्पलहोफ विमानतळ 2008 मध्ये बंद झाला आणि 2010 मध्ये तीनशे हेक्टरांहून मोठी ती मोकळी जागा लोकांना खुली झाली. धावपट्टीवर सायकली, कडेला लोकांनी मिळून केलेल्या बागा, गवतात घरटी करणारे चंडोल. सरकारला काठाने इमारती बांधायच्या होत्या. 25 मे 2014 रोजी सार्वमत झाले आणि बर्लिनकरांनी ते बांधकाम नाकारले. सार्वमतातून आलेल्या कायद्यानुसार मैदानाच्या देखभालीची आणि विकासाची योजना लोकांबरोबर बसून तयार झाली. तिच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवणाऱ्या समितीत सरकारी अधिकाऱ्यांच्या शेजारी नागरिकांनी निवडून दिलेले नागरिक बसतात, आणि चंडोलांच्या विणीच्या हंगामात गवताचा कोणता पट्टा बंद ठेवायचा, कुत्री मोकळी कुठे सोडायची, सावलीसाठी झाडे कुठे लावायची, यावर त्यांच्याशी बोलल्याशिवाय खात्याला पुढे जाता येत नाही.